अ‍ॅनालॉग फिल्टरशी जुळवून घेताना: माझा अनुभव

फिल्टर घरी आला त्या रात्री बास गिटारची वायर त्यात खोचली, तिथून दुसरी वायर अँपला जोडली आणि तीन तास बटणं फिरवत बसलो. आवाज बदलत होता, नाही असं नाही. कटऑफ खाली नेला की स्वर गोधडीत गुंडाळल्यासारखा व्हायचा, वर नेला की पुन्हा उघडा. पण मला हवा होता तो, प्रत्येक स्वराबरोबर तोंड उघडून मिटल्यासारखा बोलका आवाज. तो काही केल्या निघेना. कधी सगळेच स्वर सारखे बोथट, कधी सगळेच सारखे चिरके. एका वाद्यरचनेसाठी बास, इलेक्ट्रिक पियानो आणि ड्रम मशीन असे तिन्ही आवाज मला फिल्टरच्या याच पेटीतून काढायचे होते, आणि इथे एकट्या बासशीच जमत नव्हतं.

आधी हे यंत्र काय करतं ते सांगतो, कारण पुढच्या सगळ्या चुका त्यातूनच झाल्या. माझ्याकडचा फिल्टर लो-पास आहे. म्हणजे एका मर्यादेखालचं जाऊ देतो, वरचं अडवतो. ती मर्यादा म्हणजे कटऑफ. मर्यादेपलीकडे एकदम भिंत नसते, उतार असतो. फिल्टरच्या एका टप्प्याला पोल म्हणतात. एका पोलमागे आवाज दर सप्तकाला ६ डेसिबलने उतरतो, म्हणून दोन पोलांचा उतार १२ आणि चारांचा २४. माझ्या पेटीवर दोन आणि चार पोलांमधून निवडायची कळ आहे. आतली रचना शिडीची: ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकावर एक रचलेल्या आणि मध्ये पायऱ्यांसारखे कपॅसिटर. रॉबर्ट मूग यांनी ही शिडी सिंथेसायझरसाठी बनवली आणि १९६९ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. तीच शिडी पायाखालच्या पेटीत बसवली आणि बाहेरच्या वाद्यासाठी आत जायची वाट ठेवली, की झाला फिल्टर पेडल.

कटऑफ हाताने फिरवता येतोच. पण वाद्यासाठी त्याहून मोलाचा भाग म्हणजे एन्व्हलप फॉलोअर. वाद्याचा आवाज किती मोठा आहे ते तो सतत मोजतो, त्याप्रमाणे कमी-जास्त व्होल्टेज तयार करतो, आणि ते व्होल्टेज कटऑफला वर ढकलतं. तार जोरात छेडली की फिल्टर उघडतो, स्वर विरत गेला की मिटतो. १९७२ साली आलेलं म्यू-ट्रॉन ३ हे पेडल याच तत्त्वावर चालायचं. त्यात एलईडीचा उजेड फोटो-रेझिस्टरवर, म्हणजे उजेडाप्रमाणे विजेचा रोध बदलणाऱ्या भागावर, पडायचा. फोटो-रेझिस्टर उजेडाला जरा सावकाश प्रतिसाद देतो, त्यामुळे त्याची उघडझाप गोलाईदार असते.

माझी उघडझाप मुळात होतच नव्हती. दोन दिवसांनी आमच्या ओळखीतल्या एका जुन्या रेकॉर्डिस्टना फोन केला. आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो.

"कॉम्प्रेसर लावलायस का?" त्यांनी पहिलंच विचारलं. कॉम्प्रेसर म्हणजे मोठे-लहान स्वर एका पातळीला आणणारं यंत्र.

"हो दादा, बासला नेहमीच असतो."

"फिल्टरच्या आधी का नंतर?"

"आधी."

"अरे, मग त्या बिचाऱ्याला कळणार काय? तू जोरात वाजव, हळू वाजव, त्याच्यापर्यंत सगळं एकाच उंचीचं पोचतंय. काढ तो तिथून."

कॉम्प्रेसर फिल्टरच्या नंतर नेला आणि पहिल्याच स्वराला पेटी बोलली. इतकी वर्षं बासचा स्वर सपाट, एकसारखा यावा म्हणून मी हाताला आणि पेडलला वळण लावलं होतं. इथे नेमकं उलटं हवं होतं. दोन स्वरांमधला जोराचा फरक हीच फिल्टरची भाषा आहे, आणि ती मी दारातच पुसून टाकत होतो.

मग लक्ष गेलं ड्राइव्हच्या बटणाकडे. मी ते नुसतं आवाज खरखरीत करण्यासाठी असेल असं समजून सगळ्यात खाली ठेवलं होतं. खरं तर वाद्याचा सिग्नल किती ताकदीने आत जातो ते ड्राइव्ह ठरवतो, आणि एन्व्हलप फॉलोअर त्या ताकदीवरच जगतो. ताकद कमी पडली तर फिल्टर अर्धवट उघडतो, फार झाली तर उघडाच राहतो. शेजारी पातळीचा दिवा आहे, हिरवा, पिवळा, लाल असा बदलणारा. रचनेतला सगळ्यात जोराचा स्वर वाजवला की दिव्याने लालला जेमतेम शिवून परत यावं, इथे मी थांबलो. शिडीतले ट्रान्झिस्टर त्या पातळीला किंचित दबतात आणि आवाजाला एक मऊ भरीवपणा येतो. मला या यंत्रातली ही जागा सगळ्यात आवडते.

ड्राइव्ह, कटऑफ आणि एन्व्हलपचं प्रमाण (फॉलोअरने कटऑफला किती ढकलावं ते) ही तीन बटणं एकमेकांत अडकलेली आहेत. एक हलवलं की बाकीच्या दोघांचा अर्थ बदलतो. बरेच दिवस चाचपडल्यावर माझा क्रम असा बसला: रेझोनन्स (कटऑफजवळचा आवाज उचलून धरणारं बटण) आणि प्रमाण दोन्ही शून्यावर ठेवून आधी ड्राइव्ह लावायचा. मग सगळ्यात हळू स्वर वाजवत कटऑफ एवढा खाली आणायचा की तो स्वर नुसता ओळखू यावा. ही फिल्टरची मिटलेली अवस्था, आणि ती वाटते त्यापेक्षा बरीच खाली असते. मग जोराचे स्वर वाजवत प्रमाण वाढवायचं. रेझोनन्सला हात सगळ्यात शेवटी. पहिल्या रात्री मी नेमका रेझोनन्सपासून सुरू झालो होतो.

फॉलोअरला जलद आणि संथ अशी एक कळ आहे. जलदवर बासचा सर्वांत खालचा ई वाजवला तर स्वराला गुरगुर चिकटायची. मला वाटलं वायर खराब. वायर बदलल्या, जॅक पुसले, पॉवर सप्लाय वेगळा करून पाहिला, गुरगुर तशीच. कारण साधं होतं. तो ई सेकंदाला साधारण ४१ वेळा कंपतो. फॉलोअर आधी सिग्नलची खालची बाजू वर पलटवतो, त्यामुळे त्याला सेकंदाला ८२ चढउतार दिसतात. जलदवर ठेवला की तो स्वराचा जोर मोजण्याऐवजी प्रत्येक कंपामागे धावतो आणि कटऑफही तेवढ्याच वेळा थरथरतो. संथवर टाकलं, गुरगुर गेली. वरच्या सप्तकात मात्र जलदच बरं वाटतं, तिथे त्याची चपळाई कामाला येते.

आता रेझोनन्स. हा फिल्टरचा बाहेर आलेला सिग्नल उलटा करून पुन्हा आत सोडतो, त्यामुळे कटऑफच्या जागी एक शिखर उभं राहतं. एका दुपारी बासची ए ची मोकळी तार, ५५ हर्ट्‌झची, पुन्हा पुन्हा छेडत रेझोनन्स बराच वर ठेवला आणि कटऑफ अगदी सावकाश चढवत नेला. शिखर एकेका उपस्वरावरून जाऊ लागलं तसा तो उपस्वर घंटेसारखा वाजायचा. ११० ला वरचा षड्ज, १६५ ला पंचम, २२० ला पुन्हा षड्ज, २७५ ला गंधार. तंबोऱ्याच्या खर्जात जो स्वयंभू गंधार कान लावून शोधावा लागतो, तो इथे बोटाच्या एका वळणावर समोर येऊन उभा राहिला. मी कितीतरी वेळ तेवढंच करत होतो. नवीन काही तयार होत नव्हतं, तारेत असलेलंच एकेक वेचून पुढे येत होतं. तोपर्यंत हे यंत्र मला आवाजावर रंग चढवणारं वाटत होतं. त्या दुपारनंतर तसं कधी वाटलं नाही.

पण याच रेझोनन्सने बासचा पाया काढून घेतला. शिडीच्या फिल्टरचा हा स्वभावच आहे: उलटा फिरवलेला सिग्नल शिखर उभं करताना त्याखालचं सगळं दाबतो. फिल्टर आपणहून वाजायला लागायच्या उंबरठ्यावर खालच्या स्वरांची उंची मूळच्या एक पंचमांशावर येते, म्हणजे सुमारे १४ डेसिबलची घट. बासकडून नेमकी जी अपेक्षा, तीच नाहीशी.

यावर उपाय म्हणून बास दोन ट्रॅकवर घेतला, एक कोरा आणि एक फिल्टरमधून. दोन्ही एकत्र वाजवले तर आवाज भरण्याऐवजी पोकळ झाला. कारणं दोन निघाली. पहिलं म्हणजे वेळ. कोरा सिग्नल आधी रेकॉर्ड करून मग संगणकातून बाहेर काढून फिल्टरला देत होतो, आणि परत यायला उशीर लागत होता. संगणक आवाज तुकड्या-तुकड्यांनी हाताळतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० सॅम्पलच्या वेगाला २५६ सॅम्पलचा बफर एकदा भरायलाच ५.३ मिलिसेकंद. फिल्टर पूर्ण उघडा ठेवून एक टिचकी पाठवली, ती किती उशिरा परत आली ते मोजलं आणि फिल्टरचा ट्रॅक तेवढा अलीकडे ओढला.

दुसरं कारण फेज, म्हणजे लाटेचं पुढे-मागे सरकणं. कटऑफच्या जागी प्रत्येक पोल सिग्नलला ४५ अंश मागे टाकतो, चार मिळून १८०, म्हणजे बरोबर उलटा. कोरा आणि फिल्टरचा सिग्नल नेमक्या त्या शिखराशीच एकमेकांना खाऊन टाकत होते. एका ट्रॅकची पोलॅरिटी पलटवून, म्हणजे त्याची लाट उलटी करून पाहिली तर शिखर आलं आणि खर्ज गेला. शेवटी कोऱ्या ट्रॅकवरचं १२० हर्ट्‌झच्या वरचं बरंचसं काढून टाकलं आणि फिल्टरचा कटऑफ १५० च्या खाली उतरू दिला नाही. खालचं घर एकाचं, वरचं दुसऱ्याचं. मग दोघं नीट नांदले. संगणकातून फिल्टरकडे जाताना मध्ये सिग्नल वाद्याच्या पातळीला उतरवणारा रीअँप बॉक्स ठेवला, कारण संगणकाच्या ऑडिओ इंटरफेसची +४ डीबीयूची पातळी म्हणजे सव्वा व्होल्टच्या आसपास. पॅसिव्ह बासच्या पिकअपपेक्षा ती बरीच जोरकस असते आणि ड्राइव्हची सगळी मांडणी तिने कोलमडते.

इलेक्ट्रिक पियानोला कमी वेळ लागला. कीबोर्डच्या डाव्या, मोनो लिहिलेल्या जॅकमधून वायर घेतली आणि कीबोर्डचा आवाजच अर्ध्यावर आणला. अडचण होती ती कॉर्डची, म्हणजे एकाच वेळी वाजवलेल्या स्वरांची. फिल्टर एकच, फॉलोअरही एकच, म्हणजे चार स्वरांची बेरीज करून सगळ्यांसाठी एकच तोंड उघडणार. कॉर्ड धरून वरचा एखादा स्वर नाजूकपणे छेडला तर आधीच उघडलेल्या फिल्टरला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून पियानोसाठी एन्व्हलपचं प्रमाण जवळजवळ काढून टाकलं, दोन पोलांवर गेलो आणि कटऑफला एक्स्प्रेशन पेडल जोडलं. पायाने सावकाश उघडत नेलेली एक लांब कॉर्ड, दोन पोलांचा तो सौम्य उतार. चार पोलांवर हाच आवाज मला फार दाराआडून आल्यासारखा वाटत होता.

ड्रम मशीनसोबत वेगळाच खेळ झाला. रेझोनन्स उंबरठ्याच्या किंचित अलीकडे ठेवला की किक ड्रमचा प्रत्येक ठोका फिल्टरला टकोरा मारतो आणि फिल्टर कटऑफच्या स्वरात क्षणभर निनादतो. ट्यूनर लावून तो निनाद ११० हर्ट्‌झला, रचनेच्या षड्जावर आणला. रेकॉर्डिंग सुरू केलं आणि दहा मिनिटांत स्वर सरकला. पुन्हा जुळवला, पुन्हा सरकला. ट्रान्झिस्टर तापमानाप्रमाणे वागणं बदलतात आणि पेटी तर मी नुकतीच चालू केली होती. तेव्हापासून वाजवायच्या अर्धा तास आधी ती चालू करून ठेवतो, आणि तबला तपासावा तसा दर टेकआधी तो स्वर तपासतो.

या पेटीला स्मरणशक्ती नाही. जमलेली मांडणी साठवायचं बटण नाही. सुरुवातीला मोबाइलवर फोटो काढायचो, पण फोटोत बटणाची रेघ तिरकी दिसते आणि रेझोनन्सला केसभर फरकसुद्धा खूप. आता कागदावर प्रत्येक बटणाचं वर्तुळ काढून घड्याळाप्रमाणे लिहितो: कटऑफ साडेनऊ, रेझोनन्स दोनला थोडा कमी. शेजारी कुठला बास, कुठल्या तारा, बोटाने की पिकने, हेही लिहितो. बोटाच्या मांडणीवर पिकने वाजवलं की सगळं पुन्हा लावावं लागतं.

शेवटचा टेक सहावा. फिल्टर तासभर तापलेला होता आणि कागद समोर होता. रचना खालच्या ए वर संपते. ती तार छेडून मी हात काढून घेतला. स्वर विरत गेला तसा फिल्टर आपोआप मिटत आला आणि उतरताना त्याने एकेक स्वर उचलून दाखवला. आधी गंधार, मग षड्ज, मग पंचम. खाली कोऱ्या ट्रॅकवरचा खर्ज तेवढा घुमत राहिला. तो पूर्ण थांबेपर्यंत मी रेकॉर्डिंगच्या बटणाला हात लावला नाही.