तुम्ही विचारलेत म्हणून: कक्ष असूनही पेटंट का नाही?

वेंगुर्ल्याकडचे बागायतदार, सावंतवाडीचे कारखानदार आणि आता माझे विद्यार्थीही एकच प्रश्न विचारतात: काजूच्या बोंडूचा तुरटपणा काढण्याची पद्धत तुम्ही शोधलीत, विद्यापीठात बौद्धिक संपदा कक्षही आहे, मग पेटंट का नाही? आम्हा प्राध्यापकांना शोधनिबंधापलीकडे काही दिसत नाही, हा त्यामागचा समज मला लागतो, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

अर्ज झाला होता. कक्षाने तात्पुरत्या तपशिलासह तो मुंबईच्या पेटंट कार्यालयात दाखल केला होता. अशा अर्जानंतर 12 महिन्यांत पूर्ण तपशील न दिल्यास अर्ज सोडून दिल्याचे कायदा मानतो. प्रयोगांची आकडेवारी आणि मसुदा मी मुदतीच्या बऱ्याच आधी दिला. मात्र त्याला कायदेशीर रूप देणाऱ्या पेटंट एजंटच्या मानधनासाठी लेखा विभागाने, काचसामान घेताना मागतात तशीच, तीन दरपत्रके मागितली. फाईल परत आली, पुन्हा गेली, मध्ये आर्थिक वर्ष संपले आणि तरतूद नव्याने मागावी लागली. कक्षातले साहेब दर वेळी सांगत, “मॅडम, फाईल वरच आहे.” त्याच काळात माझ्या विद्यार्थिनीचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात गैर काहीच नव्हते, कारण आधी केलेल्या अर्जाच्या तारखेचे संरक्षण होते आणि पीएचडीसाठी तिला तो हवा होता. मुदत उलटली तेव्हा ते संरक्षण गेले, आणि नव्याने अर्ज करायचा तर आधीच छापलेला आमचाच निबंध पेटंटला लागणाऱ्या नावीन्याच्या आड येत होता. तिने विचारले, “मॅडम, मी छापायला नको होते का?” तिला असे वाटावे, याचा मला आजही संताप येतो, कक्षाच्या वार्षिक अहवालात मात्र आमचा अर्ज ‘दाखल’ या रकान्यात मोजलेला होता.

कृपया शुल्काचे कारण कुणी पुढे करू नये. शैक्षणिक संस्थांसाठी सरकारी शुल्क 2021 मध्येच 80 टक्क्यांनी कमी झाले. ज्या कक्षाकडे मुदत सांभाळण्याचा अधिकार आणि हाताशी रक्कम नाही, त्याच्याकडे संशोधक पुन्हा जात नाही, सरळ निबंध छापतो. आमच्या विभागात तेच झाले. बोंडूवरच्या यीस्टचा अभ्यास करणाऱ्या सहकाऱ्याने तर, पेटंटसाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडेही जावे लागते आणि ते काम कक्षात कुणाला ठाऊक नाही, हे कळताच माघार घेतली.

खरे तर पूर्वी मलाच पेटंट नको होते. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातली काजूची कलमे पेटंटावाचूनच कोकणभर लागली, असे मी बैठकांत ठणकावून सांगत असे. झाडांना आपल्या कायद्यात पेटंट मिळतच नाही, प्रक्रियेला मिळते, हे उत्तर आज माझ्याजवळ आहे. पदोन्नतीच्या गुणांसाठीही मला पेटंट हवे होते, तेही लपवत नाही. तरीही बोंडू बागेत कुजण्यापेक्षा ही पद्धत कुणीही वापरावी, असे अजून वाटतेच.

कक्षात आता नव्या अधिकारी आल्या आहेत. निबंध पाठवण्यापूर्वी त्या स्वतः प्रयोगशाळेत येऊन विचारतात. बोंडूच्या चोथ्यावरचे काम मी त्यांना दाखवले आहे. एजंटांची कायम यादी मंजूर झाल्याखेरीज अर्जावर सही करणार नाही, असे मी त्यांना सांगितले. पण तोवर दुसऱ्या एका विद्यार्थ्याला निबंध थांबवायला सांगणे मला जमलेले नाही.