पडवळ गुहागरला जातो

"लहानच तर कुत्रं आहे, उचललं की झालं!" ट्रिपचं नाव काढल्यापासून हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता कोणी म्हणालं तर मी नुसतं हं म्हणते. आमचा पडवळ डॅशंड आहे. लांबडा, बुटका, साडेसात किलो, आणि नाव का ठेवलंय ते त्याला आडवं बघितलं की कळतंच. सासूबाई त्याला पडू म्हणतात, शेजारची मुलं पडव्या म्हणतात, आणि तो कुठल्याच नावाला ओ देत नाही. तर मुद्दा असा की लहान कुत्र्याला आत घेतात पटकन, मोठा लॅब बघून जे लोक दोन पावलं मागे सरकतात तेच याला बघून "अगं बाई, किती गोड" करतात, पण एकदा आत घेतलं की पुढची सगळी डोकेदुखी लहान कुत्र्याचीच जास्त असते, कारण त्याची ट्रिप आपल्या घोट्याच्या उंचीवर चाललेली असते. आपण समुद्र बघतो, सुरूचं बन बघतो, आणि त्याच्यासमोर असतं जमिनीपासून चार बोटांवरचं कोकण. ते कोकण वेगळं आहे, आणि तिथे भानगडी खूप.

आधी बुकिंग. 'पेट फ्रेंडली' या शब्दाचा अर्थ प्रत्येक मालकाचा वेगळा असतो हे फोन लावायला लागलं की कळतं. कुणाला कुत्रं चालतं पण खोलीत नाही, मागच्या शेडमध्ये बांधा. कुणाला खोलीत चालतं पण त्याचे रात्रीचे पैसे वेगळे, आणि ते पैसे ऐकून नवरा म्हणाला की एवढ्यात याला वेगळी खोली घेऊ. शेवटी जिथे राहिलो त्या घराच्या जाहिरातीत पेटबिट काही लिहिलेलं नव्हतं. फोनवर काकूंनी पिल्लू आहे का, भुंकतो का, घाण करतो का यातलं काही विचारलं नाही, एकच विचारलं, "मांजरीवर जातो का? आमची आत्ताच व्यालीय." मी म्हटलं काकू, जातो. तर म्हणाल्या, "बरं, मग मी तिला वरच्या खोलीत ठेवते, या तुम्ही." एवढं सरळ उत्तर मला कुठल्याच रिसॉर्टवाल्याने दिलं नव्हतं, लगेच ॲडव्हान्स पाठवला.

मधेच ट्रेनचं सांगते कारण दिराने ठाण्याहून सगळ्यांनी मिळून ट्रेनने जायची टूम काढली होती. रेल्वेत कुत्रं डब्यात सोबत न्यायचं तर फर्स्ट एसी किंवा फर्स्ट क्लासचं तिकीट लागतं, आणि तेसुद्धा दोन बर्थचा कुपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर असेल तरच, शिवाय पार्सल ऑफिसला जाऊन त्याचं वेगळं बुकिंग, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरचा फिटनेसचा कागद. टू टियर, थ्री टियर, स्लीपर कशातच चालत नाही, मांडीवर मावत असलं तरी नाही. मग उरतो गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स. म्हणजे पत्र्याच्या खोक्यात तो एकटा, वर चाकांचे आवाज, आणि आपण पुढे कुठेतरी चहा पीत. मी सरळ नाही म्हटलं. दीर ट्रेनने आला, आम्ही गाडीने.

पुण्याहून उंब्रजपर्यंत हायवे, तिथून पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. ज्यांनी कुंभार्ली केलाय त्यांना वळणं माहितीच आहेत. कुत्र्यांना गाडी लागते, माणसांसारखीच, फक्त ते सांगत नाहीत. आधी जांभया, मग ओठ चाटणं, मग लाळेची तार लागते, आणि लाळ दिसली की तुमच्याकडे फार वेळ नसतो. पडवळला निघायच्या आधी चार तास काही दिलं नव्हतं, डॉक्टरांनी उलटीची गोळी लिहून दिली होती ती दिली, आणि त्याचा क्रेट, म्हणजे प्रवासाचा पिंजरा, मागच्या सीटवर बेल्टने आवळून बांधला. मांडीवर घेऊन बसायचा मोह सगळ्यांना होतो, विशेषतः पुढच्या सीटवर, पण एअरबॅग उघडली तर एवढ्याशा जिवाचं काय होईल याचा विचार करून बघा. आणि डॅशंडला पाठीचं दुखणं पटकन लागतं, मणक्यातली गादी सरकली तर मागचे पाय जाऊ शकतात, म्हणून गाडीतून उडी मारायला द्यायची नाही, प्रत्येक वेळी एक हात छातीखाली आणि एक कुल्ल्यांखाली देऊन उतरवायचं. पाटणला चहाच्या टपरीवर असं उतरवताना बघून एक आजोबा म्हणाले, "आजारी हाय का वो?" नाही म्हटलं, लाडावलाय.

गुहागरचा किनारा लांबलचक आणि रुंद, आणि कडेला सुरू. सकाळी लवकर आणि संध्याकाळी ऊन कललं की स्वर्ग. पण अकरा वाजता चपला घालून चालणाऱ्या माणसाला वाळू तापलीय हे कळतच नाही आणि पडवळचं पोट वाळूपासून जेमतेम चार बोटं वर असतं, त्यामुळे त्याला खालून पण ऊन लागतं. हाताची मागची बाजू वाळूवर टेकवायची, पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याला नेऊ नका, बास. खारं पाणी पिऊ द्यायचं नाही, पोटात गेलं की आधी उलटी मग जुलाब, म्हणून त्याचं पाणी आणि वाटी पिशवीत कायम. आणि रापणीची जाळी ओढून झाल्यावर कोळी जे नको ते मासे वाळूत टाकून देतात त्यावर फार लक्ष ठेवावं लागतं. त्यात केंड असतो. तोच तो, फुगणारा मासा. त्याचं विष माणसाला मारू शकतं, साडेसात किलोच्या कुत्र्याची काय कथा. पडवळला सडका मासा म्हणजे अत्तर, तो आधी त्यात लोळतो आणि मग खायचं बघतो. मी पूर्ण किनारा "सोड! सोड!" ओरडत हिंडले, लोकांना वाटलं नवऱ्याशी भांडतेय.

पट्टा मात्र क्षणभर सोडला नाही, आणि त्याचं कारण कासवं. डिसेंबर-जानेवारीपासून ऑलिव्ह रिडले माद्या रात्री इथे अंडी घालायला येतात. पहाटे आम्ही गेलो तेव्हा एक कासवमित्र काठी घेऊन चालत होते, वनखात्याकडून त्यांना हे काम असतं, रोज उजाडायच्या आत अख्खा किनारा पायी बघायचा. आम्हाला लांबूनच हात केला, थांबा. समोर वाळूत ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा पट्टा पाण्यातून वर आला होता आणि वळसा घेऊन परत पाण्यात गेला होता. त्यांनी वर जिथे वाळू विस्कटली होती तिथे काठी हळूहळू टोचत नेली, एका जागी काठी अलगद आत गेली तसे बसले आणि हाताने उकरायला लागले. खांद्याच्या थोडं खाली हात गेला असेल तेव्हा पहिलं अंडं आलं, पिंगपाँगच्या बॉलएवढं, पांढरं, ओलसर. एका घरट्यात शंभराच्या आसपास असतात म्हणाले. सगळी मोजून, खड्ड्यातली थोडी वाळू सोबत घेऊन, जाळीच्या कुंपणातल्या हॅचरीत तेवढाच खोल खड्डा करून पुरायची, पुढे साधारण 50-55 दिवसांनी पिल्लं. मुलीला त्यांनी सांगितलं की 2023 च्या फेब्रुवारीत इथूनच बागेश्री आणि गुहा अशा दोन माद्यांना सॅटेलाइट टॅग लावून सोडलं होतं आणि बागेश्री खाली श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली.

आणि इकडे पडवळ. या जातीला जर्मनीत बिजूच्या बिळात घुसायला तयार केलंय, पुढचे पंजे म्हणजे फावडी. एवढा वेळ तो माझ्या काखेत वेड्यासारखी वळवळ करत होता, त्याला खाली खड्डा दिसतोय, वास येतोय, आणि जन्मात पहिल्यांदा त्याचं खरं काम समोर आलंय. कासवमित्र त्याच्याकडे बघून म्हणाले, "ताई, ह्याला अजिबात सोडू नका. कोल्हं रात्री येतं, डुक्कर येतं, पण गावातल्या कुत्र्यांचा जास्त त्रास. एकाने उकरलं की बाकीची शिकतात." शिकतात, हे मला फार पटलं. किनाऱ्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांमधून उतरलेली बरीच कुत्री मोकळी पळत होती, मालक रील काढत होते. तुमचा ब्रूनो कितीही गुणी असू दे हो, या महिन्यांत या किनाऱ्यांवर तो दोरीलाच हवा.

काकूंच्या वाडीला जांभ्या दगडाचा गडगा होता, नुसते दगड रचलेले, मधे मधे फटी. सुंदर दिसतो, फोटोत तर फारच. पडवळ तिथे गेला आणि नाक फटीत घालून शेपटी ताठ. काकांनी झोपाळ्यावरून हाक मारली, "ओढा त्याला, फुरसं असतं त्यात." फुरसं म्हणजे वीतभर ते हातभर लांबीचा विषारी साप, रंग जांभ्यासारखाच, पटकन दिसत नाही, आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्यासाठी प्रसिद्धच आहे. पायात बूट घातलेला माणूस वाचतो एखाद वेळेस, कुत्र्याला चावतो तो नाकावर नाहीतर पंजावर. त्यानंतर वाडीत फिरताना मी दांडकं आपटत पुढे आणि पडवळ मागे, अशी वरात.

रात्रीचा नियम काकांनी पहिल्याच दिवशी घालून दिला होता. अंधार पडला की कुत्रं घरात, शू करायला न्यायचं तर दोघांनी जायचं, बॅटरी घेऊन, पट्टा आखूड. "पडवीत बांधाल तर सकाळी नुसती साखळी मिळेल." कोकणात वाघ म्हणतात तो बिबट्या, आणि त्याचं कुत्र्यावर फार प्रेम. नगर जिल्ह्यात अकोल्याकडे यावर अभ्यास झालाय, त्यात बिबट्याच्या आहारात वजनाने 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. आमचं तर चालतं-फिरतं स्टार्टर. त्यामुळे रात्री साडेदहाला मी नाइटीवर जॅकेट घालून, नवरा एका हातात बॅटरी आणि एका हातात काठी घेऊन, आणि पडवळ माडाचं प्रत्येक बुंधं सविस्तर वाचतोय. कर की रे बाबा एकदाचं!

मांजरीचं काय झालं ते राहिलंच. ती वरच्या खोलीत राहणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावरून ठुमकत खाली आली, पडवळ भुंकला, तिने एक पंजा दिला त्याच्या नाकावर, आवाजसुद्धा केला नाही. तेव्हापासून ती ज्या खोलीत असेल त्या खोलीच्या उंबऱ्याशी पडवळ थांबायचा. काकूंनी हळद लावली नाकाला आणि मांजरीला ओरडल्या, पण खुशीत होत्या असं माझं मत.

खाण्याचं टेन्शन घेऊ नका, त्याचं नेहमीचं घरून न्या, वर लागला तर बिनमिठाचा भात आणि उकडलेलं अंडं कुठेही मिळतं. माशाचे काटे मात्र नाही. फेरीबोटीवर धोपावेहून दाभोळला गेलो तेव्हा इंजिनाच्या आवाजाने तो इतका थरथरला की मुलीच्या स्वेटरमध्ये घालून बसलो, परतीला ठीक होता.

परत आल्यावर पहिलं काम गोचीड. जायच्या आधी महिनाभर चालणारी गोळी दिलेली होती तरीही कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली, काखेत, चष्मा लावून बघायचं. पुढे दोन-तीन आठवडे ताप, खाणं बंद, हिरड्या फिक्या, लघवी लालसर यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, रक्त तपासून घ्यायचं, टिक फीव्हर लहान कुत्र्याला झपाट्याने खाली आणतो. आमच्याला एक सापडली, चिकटलेली नव्हती. चिमट्याने धरून स्पिरिटच्या बाटलीत.

आता सासूबाईंचं म्हणणं असं की काकूंनी गणपतीला बोलावलंय तर पडूला घेऊन जाऊच. भर पावसात कुंभार्ली, शेतात उंदीर म्हणजे लेप्टोचा, त्यांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचा, घोर, लस दिलेली असली तरी, वर आरत्या आणि फटाके. नवरा म्हणतो तो पुण्यात राहील माझ्याजवळ, सासूबाई म्हणतात मग मी पण जात नाही. काकूंना फोन करायचाय अजून.