फोटो कुठे गेले? लिंकच्या पलीकडे

डिस्क भरत आली म्हणून जुन्या वर्षांचे फोल्डर उचलून दुसऱ्या डिस्कवर टाकले आणि मूळ जागी त्याच नावाच्या सिमलिंक (म्हणजे खऱ्या फोल्डरकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या लिंक) करून ठेवल्या, म्हटलं फोटो सॉफ्टवेअरला काही पत्ताच लागणार नाही. पुढचं स्कॅन झालं आणि 2009 ते 2016 सगळं साफ! ना एरर, ना वॉर्निंग. फाइल्स जागेवर होत्या हो, पण सॉफ्टवेअरने लिंक बघून पुढे जायचंच टाळलं, वर "फोटो डिलीट झालेत" असं स्वतःच ठरवून टॅग आणि चेहऱ्यांना दिलेली नावंही डेटाबेसमधून पुसून टाकली.

आता डेव्हलपर लोक लिंकला का घाबरतात ते कळतं. फोल्डरच्या आत त्याच्याच वरच्या फोल्डरची लिंक असली की स्कॅनर गोल गोल फिरत बसतो. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम एका पाथमध्ये, म्हणजे फाइलच्या पत्त्यात, 40 लिंकांनंतर हात वर करतं खरं, पण तोवर तोच फोटो चाळीसेक वेळा लायब्ररीत येऊन बसलेला असतो. यावर उपाय काही नवा नाही, ज्या फोल्डरमधून आत शिरलो त्याचा डिव्हाइस नंबर (कुठली डिस्क) आणि आयनोड नंबर (त्या डिस्कवरचा त्याचा ओळख क्रमांक) लक्षात ठेवायचा, तीच जोडी परत दिसली की मागे फिरायचं.

खरी गोची वेगळीच आहे. एकच फोटो मूळ पाथनेही दिसतो आणि लिंकनेही, मग डुप्लिकेट शोधणारं फीचर खुशीत सांगतं की दोन सेम कॉपी सापडल्या, एक उडवू का? तुम्ही हो म्हणता, ते नेमकी मूळ फाइल उडवतं आणि हातात राहते कुठेच न जाणारी लिंक. म्हणून फाइलची ओळख पाथवरून नको, लिंक सोडवून जी खरी फाइल मिळते तिच्यावरून हवी.

एडिटिंगचंही तसंच. बरेच प्रोग्रॅम सेव्ह करताना आधी टेम्पररी फाइल लिहितात आणि मग तिला जुन्या नावावर रिनेम करतात. हे लिंकवर केलं की लिंक जाते, तिथे साधी फाइल येते, आणि मूळ फोटो बिचारा न फिरवलेला, आडवाच पडून राहतो. दोन महिन्यांनी बघाल तेव्हा कुठला खरा कुठला नवा, डोक्याला ताप.

आणि लिंक तुटलेली दिसली म्हणजे फोटो मेला असं नसतं ना, बाहेरची डिस्क जोडलेली नसेल एवढंच! तिथे "सध्या उपलब्ध नाही" असा शिक्का मारा, टॅग राहू द्या. मला एवढं एक जरी मिळालं असतं तरी चाललं असतं.

तूर्तास लिंक काढून बाइंड माउंट केलंय, म्हणजे दुसऱ्या डिस्कवरचं फोल्डर सिस्टिमकडूनच जुन्या जागी जोडून घेतलंय, सॉफ्टवेअरला ते साधं फोल्डरच वाटतं. चेहऱ्यांची नावं मात्र परत पहिल्यापासून देतोय, 2011 पर्यंत आलोय.