फिल्टर तीन बदलले, पाणी ड्रममधलं

परभणी भागातली जुनी डिझेल जीप, लोखंडी टाकीची. शेतातल्या आखाड्यावरून निघाली की दहा-बारा किलोमीटर नीट चालायची, मग दम सोडून बंद. दहा मिनिटं उभी ठेवली की पुन्हा चालू. महिन्यात तीन फिल्टर झालेले. माझ्याकडे आली ती डिझेल पंप उतरवायच्या तयारीनंच.

पंपाला हात लावायच्या आधी ५ लिटरच्या कॅनमध्ये ताजं डिझेल घेतलं, सप्लाय (डिझेल ओढणारा) आणि रिटर्न (उरलेलं परत सोडणारा) दोन्ही पाइप त्यात सोडले. अर्धा तास जागेवर रेस केली, कुरकुर नाही. टाकीवर जोडल्यावर पंधरा मिनिटांत बंद पडली. पंप निर्दोष सुटला, टाकी सापडली.

उतरवून १८ लिटर काढलं. पारदर्शक कॅनमध्ये रात्रभर ठेवल्यावर तळाला दोन बोटं पाणी, त्यावर काळपट चिकटा. हा चिकटा जंतूंचा; पाणी आणि डिझेल भेटतात तिथंच ते वाढतात. इंजिन ओढतं तेव्हा चिकटा सक्शनच्या जाळीवर बसतो. ओढ थांबली की सुटून पडतो. दहा मिनिटांत गाडी ‘बरी’ व्हायची ती यामुळं.

३ लिटर डिझेल आणि हातभर साखळी टाकीत घालून तीनदा खळखळवली (साखळी आठवणीनं बाहेर!), मग उन्हात वाळवली. पाइप फिल्टरकडून सोडून हवेनं उलटे मारले. नवा फिल्टर कोरडाच बसवला. डिझेल भरून बसवायची सवय अनेकांना आहे. पण ते मधल्या भोकातून ओतलं तर न गाळलेलं थेट पंपात जातं. हातपंप मारून, ब्लीड स्क्रूतले बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढली. तरी घेईना, तेव्हा दोन नोझलच्या पाइपचे नट अर्धा आटा सैल करून स्टार्टर मारला, डिझेल आलं की आवळले. कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एकाच नळीतून फार जास्त दाबानं डिझेल देणाऱ्या) गाडीवर हे चुकूनही करू नका.

पाणी आलं कुठून? मालक तर पंचानं गाळून डिझेल घालायचे. पंचा कचरा अडवतो, पाणी नाही. ट्रॅक्टरसाठीचा २०० लिटरचा ड्रम उघड्यावर उभा होता. पावसाचं पाणी झाकणाच्या कडेत साचतं. दिवसा ड्रम तापून हवा बाहेर जाते, रात्री गार झाला की बुचाच्या आट्यांतून तेच पाणी आत ओढलं जातं. आता ड्रम छपराखाली, विटेवर तिरपा, बूच उंच बाजूला; काढायचा पाइप तळापासून चार बोटं वर.

५०० किलोमीटरनंतर फिल्टर पुन्हा बदलून जुना कापला. कागद तपकिरी, चिकटा नाही.