लंडनच्या पंकमध्ये न्यूयॉर्क किती? तुम्ही विचारलंत म्हणून

ब्रिटिश पंक, म्हणजे सत्तरच्या दशकातले ते कर्कश, बंडखोर रॉक संगीत, ही अमेरिकेची नक्कल होती का, हा प्रश्न मला गाण्यांच्या गप्पा निघाल्या की हमखास विचारला जातो. माझे उत्तर असे की वाजवण्याची रीत आणि उभे राहण्याची ढब बरीचशी अमेरिकेतून आली, पण त्या गाण्यांतला आवाज आणि राग लंडनचाच होता.

सुरुवात न्यूयॉर्क डॉल्सपासून करावी लागते. १९७१ साली स्थापन झालेल्या या बँडमधले पुरुष लिपस्टिक लावत, उंच टाचांचे बूट घालत, आणि तरीही त्यांचे संगीत चक बेरीच्या रॉक अँड रोलचेच होते, फक्त अधिक कर्कश आणि मुद्दाम ओबडधोबड ठेवलेले. ब्रिटनमध्ये त्या वेळी ग्लॅम रॉक, म्हणजे भडक कपडे आणि रंगरंगोटीचे रॉक, लोकप्रिय होता, टी. रेक्स किंवा डेव्हिड बोवीच्या ध्वनिमुद्रणांत मात्र जी सफाई होती, ती डॉल्सकडे नव्हती. १९७३ मध्ये ते बीबीसीवरच्या संगीताच्या एका कार्यक्रमात वाजवून गेले, तेव्हा निवेदकाने त्यांची टिंगल केली. पुढे स्वतःचे बँड काढणाऱ्या अनेक मुलांना मात्र तो कार्यक्रम पाहूनच असे वाटले की हे आपल्यालाही जमेल. माझ्या मते डॉल्सची खरी देणगी हा धीर आहे. मायदेशात त्यांचे अल्बम फारसे खपले नाहीत, यामुळे तिचे मोल जराही कमी होत नाही.

लंडनच्या किंग्ज रोडवर व्हिव्हियन वेस्टवुडसोबत कपड्यांचे दुकान चालवणारा मॅल्कम मॅक्लारेन १९७५ च्या आरंभी न्यूयॉर्कला जाऊन या बँडचा कारभार पाहू लागला. त्याने त्यांना लाल चामड्याचे कपडे चढवले आणि मागे विळा-हातोड्याचा झेंडा लावला. तरीही बँड काही महिन्यांतच फुटला. मॅक्लारेन परतला तो डॉल्सच्या सिल्व्हेन सिल्व्हेनची पांढरी लेस पॉल गिटार घेऊन, आणि ती लंडनच्या सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा गिटारवादक स्टीव्ह जोन्स याच्या हाती आली. डॉल्सचे ‘पर्सनॅलिटी क्रायसिस’ आणि पिस्टल्सचे कोणतेही गाणे लागोपाठ ऐकून पाहा. डॉल्सचा गिटारवादक जॉनी थंडर्स सूर सरळ न धरता तो खालून ओढत वर नेतो आणि दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत एखादी छोटी, करकरीत तान टाकतो. जोन्स नेमके हेच करतो. फरक इतकाच की स्टुडिओत तो गिटारचे थर एकावर एक चढवतो, त्यामुळे थंडर्सकडे जे डळमळते वाटते, ते जोन्सकडे भिंतीसारखे भक्कम होते.

दुसरा झरा अमेरिकेतल्याच डेट्रॉइट शहराच्या बाजूचा. गायक इगी पॉपच्या स्टूजेस या बँडने ‘रॉ पॉवर’ हा अल्बम १९७२ मध्ये चक्क लंडनमध्येच ध्वनिमुद्रित केला, आणि जोन्स गिटार शिकला तो बऱ्याच अंशी हा अल्बम लावून त्याच्याबरोबर वाजवत. पिस्टल्सनी स्टूजेसचे ‘नो फन’ गायले; डॅम्ड या बँडने आपल्या पहिल्याच अल्बममध्ये त्यांचे ‘१९७०’ घेतले. फाटके शर्ट आणि उभे विस्कटलेले केस मॅक्लारेनने न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड हेल या तिथल्या पंक गायकाच्या अंगावर पाहिले होते, हे तर त्याने स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे.

रामोन्स या न्यूयॉर्कच्या पंक बँडला श्रेय मात्र थोडे जपून द्यावे. ४ जुलै १९७६ रोजी लंडनच्या राउंडहाउस या सभागृहात त्यांनी वाजवले आणि तिथून ब्रिटिश पंक सुरू झाले, असे सांगितले जाते. पण पिस्टल्स नोव्हेंबर १९७५ पासूनच कार्यक्रम करत होते, आणि त्याच ४ जुलैला क्लॅश या लंडनच्या दुसऱ्या पंक बँडचा पहिला कार्यक्रम शेफिल्डमध्ये, पिस्टल्सच्याच मंचावर त्यांच्या आधी, होत होता. रामोन्सनी या मंडळींना जन्म दिला नाही. त्यांनी वेग वाढवला, आणि तोही फार मोठा बदल होता.

आता लंडनचे जे स्वतःचे होते त्याविषयी. तोवर बहुतेक इंग्रज रॉक गायक अमेरिकी उच्चारात गात असत. पिस्टल्सचा गायक जॉन लायडन उत्तर लंडनच्या रस्त्यावरच्या उच्चारात, शब्दाची शेपटी लांबवत गायला. बेकारांचा आकडा दहा लाखांच्या पुढे गेलेला असताना आणि १९७७ मध्ये राणीच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव साजरा होत असताना त्याने ‘गॉड सेव्ह द क्वीन’ हे राष्ट्रगीताचेच नाव घेतलेले बोचरे गाणे म्हटले. या गाण्यातला शब्द न् शब्द इंग्लंडच्या मातीतला आहे, आणि डॉल्सना तो कधीच लिहिता आला नसता.

ही देवघेव वादातही दिसते. पिस्टल्सच्या ‘न्यूयॉर्क’ या गाण्यात लायडन डॉल्सची उघड हेटाळणी करतो, आणि त्याच्या मागे जोन्सची गिटार थंडर्सच्याच वळणाने वाजत असते. थंडर्सने १९७८ मध्ये ‘सो अलोन’ या अल्बमवर ‘लंडन बॉइज’ गाऊन त्याला उत्तर दिले. त्याच अल्बमवर त्याला साथ देणाऱ्यांत स्टीव्ह जोन्स आणि पिस्टल्सचा ड्रमवादक पॉल कुक हे दोघेही आहेत.