भुऱ्याची चरबीची गाठ: कापायची की सांभाळायची?

केस गळायचे दिवस होते. आमच्या सशाला, भुऱ्याला, विंचरताना त्याच्या डाव्या पुढच्या पायामागे, बरगड्यांवर, हाताला काहीतरी लागलं. कणकेच्या छोट्या गोळ्याइतकं मऊ. दाबलं की कातडीखाली इकडेतिकडे सरकायचं. तो भाग गरम नव्हता, दाबल्यावर भुऱ्या अंग चोरत नव्हता. खाणं नेहमीसारखं, लेंड्या नेहमीसारख्या. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या घरात 'गाठ' म्हटलं की पुढचा शब्द कॅन्सरच येतो. आईने तो उच्चारलाही. शेजारच्या काकूंनी सांगितलं, "अगं, चुना-गूळ लाव, दोन दिवसांत फुटेल." माणसाच्या गळवावर पिढ्यान्‌पिढ्या लावत आलेत, त्यामुळे त्या मनापासूनच सांगत होत्या. पण सशाची कातडी कागदासारखी पातळ असते आणि चुन्याने ती भाजते. शिवाय ससा दिवसभर अंग चाटतो, म्हणजे लावलेलं सगळं पोटात. काकूंना हे नीट समजावून सांगितलं, त्यांना पटलं.

घराजवळच्या एका दवाखान्यात दाखवलं. तिथे कुत्री-मांजरंच जास्त येतात. गाठ बोटाने चाचपून "गळू असेल" म्हणाले आणि अमॉक्सिसिलिनचं सिरप लिहून दिलं. ते मी विकतच घेतलं नाही. ससा पाळणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायलाच हवं: पेनिसिलिनच्या गटातली औषधं तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात, जुलाब लागतात आणि त्यातच ससा दगावू शकतो. कुत्र्याला सर्रास दिलं जाणारं औषध सशाला चालेलच असं नाही. पिसवांवर मानेला लावतात ते फिप्रोनिल तसंच, सशाला विषारी. सशाला नियमित तपासणारा डॉक्टर शोधायचा तो यासाठीच.

आई म्हणाली, "बैलघोड्याला ने." परळचं बाई साकरबाई पेटिट हॉस्पिटल जुन्या मुंबईकरांना याच नावाने माहीत आहे. जनावरांच्या डॉक्टरकीचं कॉलेजही त्याच आवारात, 1886 पासूनचं. माझ्या ओळखीच्या एक बाई तिथे भटक्या मांजरांना घेऊन जातात. त्यांनी चौकशी करून मला सशा-पक्ष्यांचंच काम करणाऱ्या एका डॉक्टरांचा नंबर मिळवून दिला. मुंबईत अशा डॉक्टरांना 'एक्झॉटिक'वाले म्हणतात. तुम्ही शोधत असाल तर फोनवरच विचारा, "ससे किती बघता, आणि भूल देता का?"

आम्ही विक्रोळीला, कन्नमवार नगरात राहतो. डॉक्टर शहराच्या बाजूला. सायनच्या पुढे रिक्षा चालत नाहीत, म्हणून थेट टॅक्सीच केली. मे महिना होता. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, आणि तिशीच्या वर पारा गेला की त्याला उष्माघात होऊ शकतो. सकाळी पहिल्या वेळेची अपॉइंटमेंट मागून घेतली. पेटीत खाली जाड टॉवेल, कोपऱ्यात गवत, आणि बर्फ केलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका बाजूला. खड्ड्यांत पेटी सीटवर उडते, म्हणून ती मांडीवर घेतली. उपाशी न्यायचं नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. सशाला उलटी करताच येत नाही, त्यामुळे पोट रिकामं ठेवण्याचं कारणच उरत नाही. उलट आतडं थांबलं की जिवावर बेततं.

तपासणी बघण्यासारखी होती. डॉक्टरांनी भुऱ्याला उताणा केलाच नाही. उताणा केला की ससा निपचित पडतो आणि लोकांना वाटतं शांत झाला. तो खरं तर भीतीने गोठलेला असतो. त्यांनी त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि मला मागचे पाय खालून धरायला लावले. सशाने जोरात लाथ झाडली आणि आधार नसला तर त्याचा कणा मोडू शकतो. गाठीवरचे केस रुपयाएवढ्या जागेपुरते काढले, बारीक सुई आत घातली, सिरिंजची दांडी मागेपुढे केली. भुऱ्या एकदाच फुरफुरला. मग सुईतलं काचपट्टीवर सोडलं. तिथे पू नव्हता, रक्तही नव्हतं. पट्टीवर नुसते तेलकट, चकाकणारे थेंब. डॉक्टरांनी पट्टी उजेडात तिरकी धरून मला दाखवली. "बघा, हे वाळत नाही. चरबी असली की असंच दिसतं. पण मी नुसत्या डोळ्यांवर जाणार नाही, लॅबला पाठवतो." दुसऱ्या जागेवरूनही त्यांनी नमुना घेतला.

या तपासणीला एफएनएसी म्हणतात, भूल लागत नाही. गाठ मऊ आहे, सरकते आहे म्हणजे चरबीचीच, असा अंदाज पुष्कळ जण देतात. बहुतेक वेळा तो बरोबरही ठरत असेल. पण सशाच्या अंगावरची गाठ गळवाचीही असू शकते, आणि सशाचा पू इतका घट्ट असतो की तो निचरून जात नाही. तिथे उपचार अगदी वेगळे. केसांच्या मुळाशी होणारी सौम्य गाठही सशांत बरीच आढळते. क्वचित चरबीचीच, पण कॅन्सरची गाठ निघते. मादी असेल तर स्तनाची गाठ आहे का, हे पाहावंच लागतं. आणि मादी असेल, नसबंदीची शस्त्रक्रिया झालेली नसेल, वय तीन-चारच्या पुढे असेल, तर गाठीच्या निमित्ताने गर्भाशयाचीही तपासणी करून घ्या. त्या वयात गर्भाशयाचा कॅन्सर सशिणींमध्ये फार आढळतो. बाहेरची मऊ गाठ निरुपद्रवी आणि आतलं दुखणं तसंच राहिलं, असं व्हायला नको.

रिपोर्ट आला: लायपोमा, म्हणजे चरबीची साधी गाठ. आई देवापुढे साखर ठेवून आली.

आता काढायची का? माझा पहिला कल काढण्याकडेच होता. अंगावर काहीतरी वाढतंय आणि आपण गप्प बसायचं, हे सहन होत नाही. डॉक्टरांनी मात्र आकडे सांगितले. ब्रिटनमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भुलेशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांत 0.17 टक्के, मांजरांत 0.24 टक्के आणि सशांत 1.39 टक्के निघालं होतं. निरोगी सशांपुरतं बघितलं तरी 0.73. हा धोका गरज असेल तेव्हा जरूर घ्यावा. भुऱ्या सहा वर्षांचा, अंगाने जाड, आणि गाठ त्याला काहीच त्रास देत नव्हती. ज्या दुखण्याने तो मरणार नव्हता त्यासाठी त्याला टेबलावर झोपवायचं मला जमेना. डॉक्टरांनी काढायची कधी तेही सांगितलं: गाठ झपाट्याने वाढली, कडक झाली, खाली चिकटून बसली, वरची कातडी फाटली, किंवा पाय टाकताना अडू लागली, तर थांबायचं नाही. तोवर मोजत राहायचं आणि वजन उतरवायचं.

वजनाची गोष्ट आमच्या स्वयंपाकघरात येऊन थांबते. आईचा भुऱ्यावर जीव. पोळी लाटताना तो तिच्या पायाशी येऊन मागच्या पायांवर उभा राहतो, आणि तिच्या हातून कडेचा तुकडा सुटतो. सकाळी चहाबरोबर बिस्किटाचा चुरा, दुपारी केळ्याचा शेंडा. डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं, "आजी, पिठाचं आणि गोड त्याला पचत नाही. द्यायचंच तर कोथिंबिरीची काडी द्या." आईने ते इतकं मनावर घेतलं की आता बाजारातून आल्यावर आधी कोथिंबिरीच्या काड्या निवडून भुऱ्याच्या डब्यात जातात, मग आमच्या भाजीचं बघितलं जातं.

बाकी खाणं असं लावलं: ऐंशी टक्के गवत, दिवसभर, हवं तितकं. टिमोथीचं वाळकं गवत ऑनलाइन मागवतो, ते महाग पडतं. जोडीला देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या मावशींकडून ताज्या गवताच्या जुड्या, आणि दादरला उतरले की फुलबाजारातून दूर्वा. दोन्ही भरपूर पाण्यात धुवून, निथळून. लसूणघास मात्र बंद. त्यात कॅल्शियम आणि पोषण जास्त, वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला नको. गोळ्यांचं खाद्य हळूहळू कमी करत दोन चमच्यांवर आणलं. 'हळूहळू' या शब्दावर माझा जोर आहे. जाड ससा एकदम उपाशी राहिला तर त्याच्या यकृतात चरबी साठते आणि तो दगावू शकतो.

मग एक घाबरवणारी गोष्ट घडली. वजन उतरू लागलं तशी गाठ मोठी दिसायला लागली. आई म्हणाली, "अगं, वाढली बघ!" मलाही तसंच वाटलं. पण हार्डवेअरच्या दुकानातून प्लॅस्टिकचं व्हर्नियर कॅलिपर आणलं होतं आणि दर रविवारी लांबी, रुंदी, उंची वहीत उतरवत होते. वही काढली. आकडे तेच होते, फार तर मिलिमीटरभर इकडेतिकडे. आजूबाजूची चरबी उतरली, बरगड्या हाताला लागू लागल्या, म्हणून गाठ उठून दिसत होती. वही नसती तर त्याच संध्याकाळी आम्ही टॅक्सी केली असती. खाणं सुधारल्याने गाठ विरघळेल अशी आशा डॉक्टरांनी कधीच दाखवली नव्हती, आणि ती विरघळलीही नाही.

पावसाळा आमच्यासाठी सगळ्यात कठीण. ससा पहाटे मऊ, घोसाने आलेल्या लेंड्या थेट मागून तोंडाने घेऊन खातो, ते त्याच्या पोषणासाठी गरजेचं असतं. भुऱ्या जाड होता तेव्हा, त्यात बगलेशी गाठ, त्याला अंग वळवून तिथवर पोचता येत नव्हतं. लेंड्या बुडाला चिकटायच्या, ओलाव्यावर माशी बसायची. माशीने अंडी घातली की दिवसभरात अळ्या पडतात आणि त्या जिवंत सशाला खातात. जुलै ते सप्टेंबर सकाळ-संध्याकाळ त्याचं बूड तपासणं हे आमच्याकडे दिवा लावण्याइतकं ठरलेलं काम आहे. घाण दिसली तर कोमट पाण्याने तेवढाच भाग धुवून लगेच कोरडा करायचा, पूर्ण आंघोळ कधीच घालायची नाही. वजन उतरल्यावर तो पुन्हा वळू लागला, त्या दिवशी मला रिपोर्ट आला तेव्हापेक्षाही हलकं वाटलं. गवताला कुबट वास आला की ते टाकून द्यायचं, कितीही महाग असो. गाठीवरच्या केसांत गुंता झाला तर बोटांनीच सोडवते. कात्री नाही, कारण केसांबरोबर कातडी कधी कापली जाते ते कळत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर गाठ खरंच थोडी वाढली, वहीतही दिसलं. पुन्हा सुई, पुन्हा लॅब, पुन्हा चरबीच.

तरी उद्या काढायची वेळ आलीच तर धावपळीत काही सुटू नये म्हणून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवले आहेत. भुलेच्या वेळी श्वासासाठी नळी घालणार की मास्क? अंग गरम ठेवायची काय सोय? सशाचं तापमान 38.5 ते 40 अंश असतं आणि भुलेत ते पटकन खाली जातं. टाके कातडीच्या आतून घालणार का? बाहेरचे तो दातांनी काढेल. वेदनाशामक किती दिवस? शुद्धीवर आल्यावर खाल्लं नाही तर सिरिंजने भरवायचं खाद्य कधी सुरू करायचं? शेवटचा प्रश्न आईने लिहायला लावला: तो डोळे उघडेल तेव्हा मी जवळ बसू शकते का? तो मात्र आम्ही आत्ताच विचारून घेतला. डॉक्टर म्हणाले, "बसा की. कोथिंबीर घेऊन या."