आमची वाटचाल : दहा चिमटे, एक दोरी

गोव्यात म्हापशातलं आमचं छपाईचं दुकान मुळात बाबांच्या ट्रेडल मशीनचं, म्हणजे पायाने चालवायच्या छापयंत्राचं. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, पावतीपुस्तकं. मी आलो तसं संगणकावर चित्रं करायचं कोरलड्रॉ आलं, मग फ्लेक्स. खरं सांगायचं तर घर अजून फ्लेक्सवरच चालतं : वाढदिवस, चवथीच्या शुभेच्छा आणि हात जोडून उभे पुढारी.

त्या जोडलेल्या हातांनीच मला व्यंगपोस्टरांकडे ढकललं. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार एका झटक्यात भाजपात गेले. त्याच आठवड्यात एक कार्यकर्ता आला. जुनीच फाईल उघडायला लावली आणि म्हणाला, "फाटलो रंग तेवढो बदल मरे." म्हणजे मागचा रंग तेवढा बदल. चेहरा तोच, हसू तेच, हातही तेच. पाच मिनिटांचं काम. बिल फाडलं, पण ती फाईल काही डोक्यातून जाईना.

रात्री पोस्टर केलं. अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेली दहा जाकिटं, निम्मी एका रंगाची, निम्मी दुसऱ्या, आणि दहा चिमटे. चेहरा एकही नाही. (चेहरा दाखवला की लोक भांडायला येतात. जाकीट दाखवलं की ज्याचा त्याचा आमदार तो ओळखतो.) छापायचं मात्र स्क्रीन प्रिंटिंगनेच, म्हणजे जाळीतून शाई दाबून, जाड कागदावर. भर पावसात जाळीवरचा लेप, इमल्शन, सुकेना. घाई करून एक्स्पोज केलं, म्हणजे उजेड दाखवला, तर स्क्रीन धुताना जाकिटं राहिली आणि चिमट्यांच्या बारीक रेषा पाण्याबरोबर मोरीत. शेवटी बायकोचा हेअर ड्रायर घेऊन बसलो.

पन्नास प्रती शुक्रवारच्या बाजारात ठेवल्या. कुणी अर्थ विचारला नाही. तियात्राच्या, म्हणजे कोंकणी नाटकाच्या, कांतारांत (गाण्यांत) मंत्र्यांची टर उडते ती ऐकत मोठी झालेली माणसं ही, शिवाय घरोघरी व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं बघितलेली.

फटका बसला तो दुसरीकडून. आमच्या एका कायमच्या गिऱ्हाइकाने, नाव नको, ठरलेली फ्लेक्सची ऑर्डर फिरवली आणि त्याच्या मागोमाग त्याचे मित्रही गेले. ते वर्ष पत्रिकांनी तारलं. २०२२ च्या निवडणुकीत आणखी एक धडा मिळाला : प्रचाराच्या पोस्टरवर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ. तेव्हापासून आमची मुद्रकाची ओळ मी सगळ्याच पोस्टरांवर छापतो, जरा ठसठशीतच. लपवायचं काय त्यात?

त्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या होत्या, देवळात, क्रॉसपाशी आणि दर्ग्यात. सप्टेंबरमध्ये ११ पैकी ८ जण भाजपात. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन, नवीन पोस्टर कधी काढताय? मी २०१९ ची फाईल उघडली. दोन जाकिटं आणि दोन चिमटे खोडले. फाटलो रंगसुद्धा बदलावा लागला नाही.